हातांच्या नावाने

माझं काम नेमकं काय आहे, हे मी आईला अजून नीट सांगू शकलेले नाही. शेजारणींना ती सांगते, "ही युनिवर्सिटीत बसून लोकांना दुड्डु हुडकून देती. घराला मात्र काय नाही." दुड्डु म्हणजे पैसे. आमच्या घरची मराठी अशीच आहे, कन्नडचा हात धरल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. आमचे पूर्वज रंगारी. कापड रंगवत, छापत म्हैसुरात आले आणि इथलेच झाले. रंगाचा धंदा केव्हाच सुटला, भाषा तेवढी राहिली.

आईचं म्हणणं तसं खोटं नाही. विद्यापीठाच्या संशोधन विभागात माझी खुर्ची आहे. देशात आणि देशाबाहेर कोण कुणाला कशाच्या संशोधनासाठी पैसे द्यायला तयार आहे, हे दिवसभर शोधत राहायचं आणि आमच्या प्राध्यापकांना कळवायचं, एवढंच माझं काम. सरकारी खाती, विश्वस्त संस्था, परदेशातली प्रतिष्ठानं, सगळ्यांच्या जाहिराती मी वाचते. वरून येणारी परिपत्रकं म्हणजे वरातीमागून घोडं. ती येईपर्यंत अर्जाची मुदत संपलेली असते, म्हणून आपणच शोधावं लागतं. शोधून पाठवलेल्या मेल बहुतेक मंडळी उघडत नाहीत. मग वर्षाच्या शेवटी तेच विचारतात, "मॅडम, आमच्या विषयाला काहीच नसतं का हो?" अशा वेळी माझं तोंड आवरणं मला जड जातं, आणि मी ते नेहमी आवरतेच असंही नाही.

माझी एक पद्धत होती आणि मला तिचा अभिमान होता. आलेली प्रत्येक योजना मी विभागवार लावून ठेवत असे. झाडाझुडपांची असेल तर वनस्पतिशास्त्राकडे, औषधांची असेल तर रसायनशास्त्राकडे. सगळीकडे असंच करतात. जगातले प्रश्न विद्यापीठातल्या विभागांप्रमाणे वेगवेगळ्या मजल्यांवर राहतात, असं आम्ही सगळेच धरून चालतो. ही पद्धत कुठे अडते ते मला त्या मुलीमुळे कळलं.

मुलगी म्हणते, पण ती पीएच.डी. झालेली, पस्तिशीला टेकलेली संशोधक होती. जयलक्ष्मीपुरममध्ये एक खोली घेऊन राहायची आणि तिथून चालतच कॅम्पसवर यायची. तिचं मूळ गाव हुणसूरच्या बाजूला, तंबाखूच्या पट्ट्यात. तंबाखूची ओली पानं खुडणाऱ्या बायकांना चक्कर येते, उलट्या होतात, दोन-दोन दिवस अन्न जात नाही. गावात त्याला 'पान चढलं' म्हणतात आणि लिंबू चोखून पुन्हा कामाला लागतात. यातल्या कित्येकींनी जन्मात तंबाखू खाल्लेली नाही की ओढलेली नाही. त्यांच्या अंगात निकोटिन कुठून आणि किती जातं, हे ती मोजत होती. दोन हंगामांचे नमुने गोळा करून झाले होते, तिसरा बाकी होता. तो झाल्याशिवाय आधीच्या दोन्हींना काही अर्थ नव्हता. आणि नेमके प्रकल्पाचे पैसे उन्हाळ्याबरोबर संपत होते. तिची नोकरीही त्याच पैशांवर होती.

"अक्का, हंगाम माझ्यासाठी थांबणार नाही," ती पहिल्याच भेटीत मला कन्नडमध्ये म्हणाली. मोठी बहीण म्हणून हाक मारली की माझा राग निम्मा होतो, हे तिने कसं ओळखलं कोण जाणे.

मी शोधायला बसले. 'तंबाखू' हा शब्द घालून सगळं पालथं घातलं. दोनच तऱ्हेचे पैसे दिसत. एक, ओढणाऱ्याची सवय सोडवण्यासाठी आणि दुसरे, पीक वाढवण्यासाठी. ओढणाऱ्याची काळजी करणारे होते, पिकवणाऱ्याची करणारेही होते. पान खुडणारी बाई मधल्या मध्ये कुणाच्याच खात्यात बसत नव्हती. वैद्यकीय योजना म्हणत, अर्जदार वैद्यकीय महाविद्यालयाचा हवा. शेतीच्या योजना म्हणत, उत्पादन किती वाढेल ते लिहा. काय वाढेल, उलट्या?

मग एक प्रतिष्ठान सापडलं. विषय बसत होता, रक्कम भरपूर होती, अटी सोप्या. मी उड्या मारतच तिच्या प्रयोगशाळेत गेले. तिने दोन मिनिटं त्यांची माहिती वाचली आणि लॅपटॉप मिटला. प्रतिष्ठान चालत होतं ते सिगारेटच्या धंद्यातल्या पैशांवर.

"कुंपणालाच शेत राखायला सांगायचं का, अक्का?"

मी भडकले. म्हटलं, पैसे संपत आलेत, नोकरी जायची वेळ आलीये आणि तुला सोवळं सुचतंय! ती मला कॉफीला घेऊन गेली. तिथे तिने मला तिच्या आईबद्दल सांगितलं.

तिची आई अजून पानं खुडते. मुलीने दोन हंगाम गावातल्या बायकांचे नमुने घेतले, पण आईने दोन्ही वेळा साफ नाही म्हटलं. "याच पानाने तुझ्या फिया भरल्या. आता त्याच पानाची तक्रार माझ्या तोंडून वदवतेस?" शिवाय गावात कुजबुज होतीच, की ही मुलगी आपलं पीक बंद पाडायला निघालीये. त्याच धंद्याच्या पैशावर काम केलं असतं, तर निकाल काहीही लागला तरी तो ना गावाने मानला असता ना तिने स्वतः. हे ऐकल्यावर माझा राग ओसरला. पण पैसे अजून नव्हतेच.

त्या आठवड्यात आमच्याकडे भांडी घासणारी बाई गावी गेली होती. शहराबाहेर हूटगळ्ळीला घर बांधून आम्ही राहायला गेल्यापासून कामवाली मिळणं म्हणजे देव भेटणं. मी ऑफिसचा राग भांड्यांवर काढत होते, कसलीशी स्वस्तातली पावडर घेऊन खसाखसा. बोटांची सालं निघाली. आई मागे येऊन उभी राहिली.

"अय्यो, सोड की ती पावडर! सुम्ने, उगंच हात कशाला जाळून घेतीस? आमच्यात रंगाच्या हौदाशी जायचं झालं तर बायका कोपरापर्यंत तेल चोळून घ्यायच्या, गोत्ता, ठाऊक आहे? रंग असू दे, पावडर असू दे, आत जातंय ते हातातनंच. आमेले, मागनं मग, डॉक्टर पाहिजे म्हणून रडतीस."

मी नेहमीप्रमाणे "बरं, बरं" म्हणून तिला वाटेला लावलं. हात धुताना मात्र थांबले. आई रंगाला नावं ठेवत नव्हती. रंगावर आमचं घर चाललं होतं. तिची तक्रार उघड्या हाताबद्दल होती. आणि मी इतके दिवस शोधत होते ते पानाच्या नावाने.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या 'तंबाखू' हा शब्द बाजूला ठेवला. काम करताना कातडीतून अंगात काय जातं, एवढंच घातलं. चामडं कमावणारे, फवारणी करणारे, केस रंगवणारे, असे कुठले कुठले लोक समोर आले. त्यांच्या मागोमाग एका विश्वस्त संस्थेची योजना आली, हाताने काम करणाऱ्या बायकांच्या आरोग्याविषयी. पीक कुठलं, धंदा कुठला, याची अटच नव्हती. आमच्या विभागवार पद्धतीत ती कुठल्याच विभागाची नव्हती, म्हणून आदल्या वर्षी मीच तिला 'किरकोळ'मध्ये टाकलं होतं. मुदत थोडी होती, पण होती.

तिने सगळा अर्ज नव्याने लिहिला. संशोधन तेच, फक्त पान मागे गेलं आणि हात पुढे आले. खुडणी झाल्यावर हात मोजलेल्या पाण्यात धुवायचे, ते पाणी तपासायचं, लघवीचा नमुना तपासायचा आणि मग तीन तऱ्हेचे हातमोजे वापरून बघायचे. वाचताना मला वाटलं, हा पहिल्यापेक्षा चांगला आहे. तसं मी तिला सांगितलंही, आणि कौतुक करणं हा माझा स्वभाव नाही.

आता शेवटची कसोटी. अर्ज विद्यापीठातर्फे जातो, म्हणून वरच्या अधिकाऱ्यांची सही लागते. नीतिसमितीचं संमतिपत्र शेवटच्या दिवशी दुपारी हातात पडलं आणि तो दिवस नेमका मंगळवार. संस्थेचं पोर्टल पाचला बंद होणार होतं. मी कागद घेऊन धावत गेले. अधिकारी स्वतः भौतिकशास्त्राचे डॉक्टर. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पेनाचं टोपण परत लावलं आणि गोड हसून म्हणाले, "राहुकाल इदे मेडम. स्वल्प इरि."

मंगळवारचा राहुकाळ साडेचारपर्यंत असतो, हे म्हैसुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तो संपेपर्यंत थांबा, म्हणून मला बाहेर बसवलं. माझ्या शेजारी ती बसली, हातात हात घट्ट धरून. मी मनातल्या मनात राहूला, केतूला, भौतिकशास्त्राला आणि मंगळवाराला एकदमच शिव्या घातल्या. तेवढ्यात आईचा फोन.

"सही आयता? झाली काय?"

"नाही. तुझा राहू बसलाय दारात."

"मग बरोबरच केलं त्यांनी! शाणा माणूस आहे. तू गप बस."

साडेचार झाले आणि दार उघडलं. त्यांनी एका फटक्यात सही केली, वर "ऑल द बेस्ट" म्हणून खडीसाखरेचा खडा दिला. आम्ही जिने उतरून धावत सुटलो. कागद स्कॅन केला, चढवला, बटण दाबलं, आणि पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. सगळ्या देशाचे अर्ज त्याच वेळी चढत असणार. राहुकाळाला हसणारी मी, त्या दोन मिनिटांत हिंगुलांबिकेला, आमच्या देवीला, काय काय बोलले ते सांगत नाही. मग 'आपला अर्ज मिळाला' अशी ओळ उमटली आणि माझा जीव भांड्यात पडला. ती टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. खडीसाखर आम्ही अर्धी अर्धी खाल्ली.

निकाल लागेपर्यंत हुणसूरकडे लागवड होऊन गेली होती. मेल आली तेव्हा मी डबा खात होते. 'मंजूर' हा शब्द वाचला, डबा तसाच टाकला आणि भर उन्हात तिच्या इमारतीपर्यंत चालत गेले. फोन करावा हे सुचलंच नाही. दारात उभी राहून मी फक्त मान हलवली. ती खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "आता मला झोप येईल." मलाही त्या रात्री कित्येक महिन्यांनी आडवं पडताच झोप लागली. दुसऱ्यांच्या पैशासाठी आपण इतका जीव टांगणीला लावतो, याचं मला तोवर भान नव्हतं.

खुडणी सुरू झाल्यावर ती म्हणाली, "अक्का, एकदा या बघायला." इतकी वर्षं मी पैसे शोधत आलेय, पण ते जातात कुठे हे कधी पाहिलं नव्हतं. सकाळच्या पहिल्या सरकारी बसने हुणसूर गाठलं. तिथून पुढे ती मला घेऊन गेली. पानं दवाने चिंब होती. बायका बुडख्याची पानं खुडून काखेत मारत होत्या आणि त्यांच्या पोलक्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. हातांवर काळा चीक साचला होता. बांधावर तिने स्वच्छ घमेलं, मोजून भरलेलं पाणी आणि बाटल्या मांडल्या. बायका रांगेत आल्या. तिने संमतीचा कागद कन्नडमध्ये मोठ्याने वाचून दाखवला, संशोधनाच्या नावासकट.

तिची आई थोड्या अंतरावर पानांचा भारा घेऊन उभी होती. यायचं नाही आणि जायचंही नाही, अशी. वाचून झाल्यावर तिने तिथूनच विचारलं, "त्यात पानाचं नाव नाही?"

"आत आहे अम्मा. पण चौकशी हातांची आहे."

म्हातारीने भारा खाली ठेवला. रांगेतल्या बायका आपोआप बाजूला झाल्या. ती घमेल्यापाशी येऊन उकिडवी बसली, काळे झालेले दोन्ही हात पुढे केले आणि लेकीला म्हणाली, "मोदलु नन्न कै तोळि." आधी माझे हात धू.

लेकीने मोजलेलं पाणी ओतायला घेतलं. भांडं मी तिच्या हातातून घेतलं. मग तिने आईचं एकेक बोट धुतलं.