समुद्राकडचं वळण

“ब्रेक ज्याच्या हातात, त्याला बाकीच्यांनी शिकवायचं नाही,” असं मर्व टलीनं हाताखाली शिकायला आलेल्या जोला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मेलबर्नमध्ये, सेंट किल्डाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या पार्कात, लाकडी रोलर कोस्टरच्या डब्यांमध्ये उभं राहून लांब दांड्यानं वेग आवरायचा, हे मर्वचं काम होतं. उमेदीची सगळी वर्षं उभ्यानं गेली. वरच्या वळणावर समुद्र दिसतो. तिथे खाली, किनाऱ्याच्या भिंतीवर, त्याची बायको आयव्ही जेवणाच्या सुट्टीत येऊन बसायची. दोन्ही हात दांड्यावर, त्यामुळे हात हलवायची सोय नाही. म्हणून मर्व तेवढ्यापुरती गाडी रेंगाळू द्यायचा. आयव्ही चिप्सचा पुडा उंच धरायची. बसलेल्यांना वाटायचं, समुद्र आपल्यालाच दाखवतायत.

आता आयव्ही नाही. उद्या मुलगी नोलीन त्याला मिल्ड्युराला घेऊन जाणार. तिथे द्राक्षाचे मळे आहेत, समुद्र नाही. जायच्या आधी ती भिंत एकदा वरून बघायची, एवढंच त्याच्या मनात होतं. नोलीनला मात्र त्यानं “गाडी बघून येऊ” म्हणून आणलं होतं.

“अरे वा, मर्व! अजून जिवंत?” जो दांड्याजवळून ओरडली. “बसा. आणि उभे राहिलात तर मला नोकरीवरून काढतील, सांगून ठेवते.”

“बसून प्रवास म्हणजे बायकापोरांचं काम.”

“मग आज तेच करा, डॅड,” नोलीननं त्याला आत ढकललं.

गाडी चढली. लाकूड कुरकुरलं, खारा वारा तोंडावर आला. वळण जवळ आलं तसं मर्वनं मान बाहेर काढली. त्याची बोटं मांडीवर आवळली गेली. आत्ता. आत्ता ओढ. जोनं दांडा सैलच ठेवला. गाडी वळणावरून सुसाट गेली. पोरं आनंदानं किंचाळली. निळ्या रंगाचा एक फटकारा दिसला. भिंत दिसलीच नाही.

खाली गाडी थांबली. जो घामानं चिंब, हसत होती.

“कशी वाटली? तुमच्या वेळी गाडी तिथे पेंगायची म्हणे!”

“डॅडना झोपच लागली असती,” नोलीन म्हणाली.

“आणखी एक फेरी? माझ्याकडून. आणि काय बदलू ते सांगा. तुम्ही सांगाल तसं करते.”

एकच शब्द पुरला असता. जो वळणावर थांबलीही असती. मर्वनं तिच्या हाताकडे पाहिलं. दांड्यावर तो अगदी निर्धास्त पडला होता, एके काळी त्याचा स्वतःचा पडायचा तसा. मग कोटाची बटणं लावत तो उठला, डब्याचा काठ धरून खाली उतरला आणि पार्कच्या दाराकडे चालू लागला.