शेवटची कुस्ती

२०२२ साल. मी एकसष्ट वर्षांचा, तरी अड्याळच्या दंगलीत मानाची शेवटची कुस्ती माझीच. ती जिंकून एसटीत बसलो. शेजारी एक अनोळखी म्हातारा, पैलवानासारखे चुरगळलेले कान कुरवाळत होता.

“तुमच्या वयाचा मान राखून पडला तो समोरचा पोरगा,” म्हातारा म्हणाला.

“तुमाले काय समजते?” मी चिडलो.

“मीबी असाच लढत राहिलो जी. धा वर्सं आधी लंगोट सोडला असता, तं गावात चार पैलवान झाले असते. आता आखाड्यात कोंबड्या फिरून राहिल्या.”

माझ्या खांद्यावरची माती हळूच झटकून तो उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या आखाड्याची माती खणली, ताक शिंपडलं, पोरांना आत उतरवलं अन् जन्मात पहिल्यांदा काठावर बसलो.