कार्डाला काय कळतं, धूर की धूप

त्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी थेट महादेवाच्या देवळात गेलो. एका हातात बेलाची पानं आणि दुसऱ्या हातात व्हॅसलीन फासलेलं पांढरं कार्ड...

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सानगडीजवळच्या आमच्या गावच्या शाळेत विज्ञानाच्या सरांनी आम्हा पोरांकडून हवेतली घाण पकडायचं यंत्र करून घेतलं होतं. यंत्र कसलं... कार्ड, व्हॅसलीन आणि टांगायला सुतळी! आठवडाभर टांगायचं, मग भिंगाखाली पाहायचं.

दिवाकरनं त्याचं कार्ड भाताच्या गिरणीत टांगलं. एकानं साकोलीला, हायवेवरच्या मामाच्या पानठेल्यावर. मला मात्र सगळ्यांत स्वच्छ कार्ड आणायचं होतं, म्हणून मी गाभारा निवडला. देवाच्या घरापेक्षा स्वच्छ हवा कुठली असणार?

आठवड्यानं सगळी कार्डं टेबलावर मांडली. गिरणीचं करडं, हायवेचं मळकट आणि माझं... काळंकुट्ट. माझा विश्वासच बसेना. बोट फिरवलं तर बोटाला काजळी.

"काहून बे, महादेवाले बिडी पाजून राहिला का?" दिवाकर म्हणाला आणि वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं रोज बसतं कोण?"

माझे बाबा बसायचे. शेतकरी माणूस, पण देवळाची पूजा आमच्याच घराकडे. रोज सकाळ-संध्याकाळ गोवरीच्या निखाऱ्यावर जंगलातली राळ टाकून, त्या बिनखिडकीच्या गाभाऱ्यात डोळे मिटून जप करायचे...

मी कार्ड घेऊन पळतच घरी गेलो. गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीला खिडकी पाडू म्हटलं. बाबांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"अरे बयताडा, धूर नोहे तो, धूप आहे धूप! तुह्या कार्डाले काय समजते? अन् देवाच्या पाठीत भोक पाडतो का?"

विषय संपला. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. देवाचा धूप वाईट कसा असेल?

त्याला चाळीसेक वर्षं झाली. यंदा बाबांना दम लागायला लागला. देवळाच्या तीन पायऱ्या चढवेनात. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि विचारलं, "बिडी किती वर्षं ओढली, आजोबा?"

"बिडी? मी तं सुपारीचं खांडबी कधी तोंडात टाकलं नाही, डॉक्टरसाहेब!"

"मग इतका धूर गेला कुठून छातीत?"

मला तो फोटो दिसेना, डोळ्यांपुढे ते कार्ड आलं. कार्डाला धूर आणि धूप यातला फरक कळला नव्हता. छातीलाही कळला नाही.

घरी आल्यावर बाबांना गाभाऱ्यात बसणं सोडा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. जप सुटला तर तो माणूस दुसऱ्याच दुखण्यानं जाईल. मीही रोज तिथे हात जोडतो, मला कळतं ते.

परवा सोमवारी पूजा आटोपली. महादेवाला साष्टांग नमस्कार घातला, मनातल्या मनात माफी मागितली आणि छिन्नी-हातोडा घेऊन मागच्या भिंतीची पहिली वीट काढली. गाभाऱ्यात उजेडाची तिरीप पडली... त्या तिरिपेत किती काय तरंगत होतं!

बाबा ओट्यावर बसून बघत होते. मग हळूच म्हणाले,

"जराशी मोठी कर बाबू... त्यालेबी दम लागत असन."

मोठीच केली.