न पढवलेली साक्ष

नाना अर्जनवीस स्वतः कधी खोटं बोलत नसत. ते दुसऱ्यांकडून बोलवून घेत. आमच्या तालुक्याच्या कोर्टासमोर एक उंडीचं झाड होतं. त्याखाली चटई टाकून नाना बसत. अर्ज लिहिणं हा धंदा नावापुरता, खरा धंदा साक्षीदार पढवण्याचा. मी त्या कोर्टात नकला उतरवीत असे आणि दुपारचा डबा खायला नानांच्या चटईवर येत असे, कारण आतल्या खटल्यापेक्षा बाहेरची तालीम जास्त रंगायची.

"म्हाताऱ्याने वाडीची हद्द दाखवली तेव्हा तो काय करीत होता?" नाना विचारीत.

"डावा कान खाजवीत व्हता, नाना."

"शाबास. पुन्हा सांग. आणि आठवतंय असं तोंड कर, पाठ केलंय असं नको."

हा दिवेआगरच्या एका सुपारीच्या वाडीचा दावा. चौघा साक्षीदारांनी कोर्टात एकापाठोपाठ एक तोच डावा कान सांगितला. न्यायाधीश पोट धरून हसले. "तीस वर्षांपूर्वीची हद्द एकालाही नीट सांगता येत नाही, कान मात्र चौघांना आठवतो!" दावा निकालात निघाला. एखाद्याने लाज वाटून धंदा सोडला असता. नाना म्हणाले, "चूक माझी. खरे साक्षीदार कधी इतके जुळत नाहीत." त्यानंतर ते प्रत्येकाला थोडाथोडा फरक वाटून देऊ लागले. एकाने कोयता म्हणायचं, दुसऱ्याने कुऱ्हाड. दावे पुन्हा भराभर जिंकले जाऊ लागले.

अशा माणसाच्या हाती शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चार चरित्रं, पडली. आगरदांड्याहून होडीने दिघीला उतरून एक ख्रिस्ती पुस्तकविक्या पायी आमच्या गावात आला होता. येशूच्या मरणाची आणि पुन्हा उठण्याची हकिकत चौघांनी वेगवेगळी लिहिली आहे, असं तो सांगू लागला. नानांचे डोळे चमकले. "चार साक्षीदार? आणा इकडे. संध्याकाळपर्यंत चौघांना फोडतो."

संध्याकाळचे पंधरा दिवस झाले. सोळाव्या दिवशी नाना चटईवर बसले होते ते एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून.

"भानू, पंचाईत झाली. यांना कुणी पढवलेलं नाही."

"कशावरून?"

"अरे, थडग्यापाशी एकाला एक देवदूत दिसतो, दुसऱ्याला दोन. असा फरक मी पेरला असता तर त्यातून काहीतरी साधलं असतं. यातून कुणाचंच काही साधत नाही. फुकटचा फरक आहे हा! बरं, यांचा मुख्य साक्षीदार पेत्र, येशूचा पट्टशिष्य. तो आयत्या वेळी घाबरून तीनदा म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. आपल्याच पक्षाचा असा फजितवाडा कोण लिहून ठेवतं? आणि थडगं रिकामं पाहिलं प्रथम कुणी? बायकांनी! त्या काळी बायकांची साक्ष कोण धरीत होतं? मी असतो तर दोन वजनदार पुरुष उभे केले असते."

"मग?"

"मग काय, कपाळ माझं. ते खरं बोलतायत."

वर्षभर त्यांनी ते पुस्तक उलटंसुलटं तपासलं आणि शेवटी अलिबागकडच्या एका पाद्रीसाहेबांपुढे जाऊन उभे राहिले. साहेबांनी विचारलं, अंतःकरणात काही वेगळा आनंद वाटतो का? नाना म्हणाले, "छातीत जळजळ वाटते, पण ती वालाच्या उसळीने. साहेब, माझ्या छातीची साक्ष काढू नका, ती रोज जबाब बदलते. पाहिलेल्यांचं सांगणं त्या चौघांनी लिहून ठेवलंय. माझी खात्री त्या लिहिण्यावर आहे." साहेबांना हे उत्तर फारसं रुचलं नसावं. बाप्तिस्मा मात्र दिला.

न्हावी यायचा बंद झाला. पंक्तीतून पान गेलं. साक्षीदार पढवणं तर नानांनी आपणहून सोडलं, त्याचा राग गावाला बाप्तिस्म्याहून जास्त आला. बयोकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आपली तुळस आणि देव्हारा सोडला नाही. नवऱ्यालाही सोडलं नाही. "देव बदललात, खुशाल बदला. ताट मात्र ओटीवर," असं म्हणून त्या नानांना बाहेर बसवून गरम भात वाढीत आणि पानात काही टाकलं की त्यांच्या सात पिढ्या उद्धरीत. मी देवाला हात जोडतो ते सवयीने. पण त्या ओटीवर मला बरं वाटायचं.

चार वर्षांनी काकू अंथरुणाला खिळल्या. वैद्यांनी हात टेकले. मी दुपारी भेटायला गेलो तेव्हा नाना उशाशी होते. आता त्यांना आत यायला कुणी अडवीत नव्हतं. काकू म्हणाल्या, "अहो, मेल्यावर पुढे काही आहे का? खरं सांगा. मला पढवू नका."

उभा तालुका बोलता करणाऱ्या माणसाने मांडीवरचं पुस्तक उघडलं आणि पुन्हा मिटलं. "बयो, मी पाहिलेलं नाही," ते कसेबसे म्हणाले. "पाहिलेल्यांनी सांगितलं, ते मी मानलं."

"मग तेच वाचा. तुमचं एक अक्षर मध्ये नको."

नानांनी वाचलं. सुगंधी द्रव्यं घेऊन बायका पहाटे थडग्याकडे निघाल्या, इथे काकूंनी डोळे उघडले. "बायका गेल्या होत्या ना? मग असेल. पहाटे उठून पुरुष कशाला जातायत!" मला हसू आलं आणि रडूही. नाना वाचत राहिले. काकू पुढे काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. भाऊबंदांनी नानांना अग्नी देऊ दिला नाही. ते केवड्याच्या बनाशी लांब उभे राहून धूर बघत होते.

आठवड्याने पाद्रीसाहेब मुद्दाम समाचाराला आले. त्यांच्याबरोबर ख्रिस्ती मंडळीची नोंदवही होती. माणूस दयाळू, त्यांनी हळूच विचारलं, "नानासाहेब, शेवटी बाईंनी विश्वास ठेवला ना? तुम्ही म्हणाल तसं लिहितो."

एक 'होय' पुरलं असतं. ते खोडायला काकू येणार नव्हत्या, आणि मीही तोंड उघडलं नसतं. मेल्यानंतरही ती आपल्याबरोबर असावी, याहून दुसरं काही नानांना जगात नको होतं. हे मला ठाऊक आहे, कारण त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"माझी खात्री आहे ती माझ्यापुरती," नाना म्हणाले. "तिची साक्ष मी कशी देऊ? ती ऐकत होती, साहेब. तेवढंच लिहा."