गोठा कोणी जाळला

काकू,

मी म्हैसूरला निघाले त्या सकाळी तू एसटीच्या थांब्यावर आलीस आणि माझ्या पिशवीत भाकऱ्या कोंबल्यास. तुझ्या लुगड्याला अजून धुराचा वास होता. तुझा गोठा जळून आठवडाच झाला होता, कपिला गाय आतच गेली. सगळे वाटेवरच्या मेंढपाळांना शिव्या घालत होते. वणवा आबांनी लावला होता, हे मला ठाऊक होतं. "जाळल्याशिवाय गवत जोमानं येत नाही," म्हणत माझे वडील दरवर्षी डोंगराला लावायचे, तसाच. त्या दिवशी वारा फिरला. "तोंडातून ब्र काढायचा नाही," एवढंच मला म्हणाले. मी तुझ्या भाकऱ्या खाल्ल्या आणि गप्प बसले.

आता माझं कामच वणव्याचं, बघ की गंमत! म्हैसुरात बोगादी भागात खोली आहे, पण पाय तिथं टिकत नाहीत. हुणसूरच्या पुढं जंगलाकडेच्या गावांत लोकांना घेऊन जाळरेषा काढते. म्हणजे उन्हाळ्याआधी गवताचा पट्टा कापून जमीन उघडी करायची, आग तिथंच अडते. चटकन पेटणारी घाणेरीची झुडपं उपटतो, ज्यांचं जळालं त्यांची छपरं उभी करतो. फेब्रुवारी लागला की दिवसातून दहादा मी मोबाइलवर वारा बघते. घरमालकीण इथली जुनी मराठी, ती वैतागते, "स्वल्प बसा की ओ, सारखं काय आत-बाहेर!"

गेल्या महिन्यात रत्नम्मा नावाच्या बाईचा गोठा जळाला. बैठकीत मी नेहमीचं सुरू केलं, कोणी लावली ते सोडा, पुढचं बघू. तेवढ्यात तिचा म्हातारा शेजारी उठला. "नाने हच्चिद्दु," म्हणाला. मीच लावली. गुरांना कोवळं गवत हवं म्हणून. रत्नम्मानं त्याला नाही नाही ते ऐकवलं, रडली, आणि शेवटी विळा त्याच्यापुढं टाकला. दुसऱ्या दिवशी पट्टा कापायला पहिला तोच हजर.

काकू, मला फार लाज वाटली. "कोणी लावली ते सोडा" हे मी गावोगाव कुणाला वाचवायला सांगत होते, ते कळलं.

काल आबांना फोन करून म्हटलं, आता मी काकूला लिहिणार. ते म्हणाले, "पत्र पोचू दे आधी. मग जातो तिच्याकडं."

पुढच्या रविवारी मी येते आहे. म्हैसूर घर झालं का गं, असं तू फोनवर नेहमी विचारतेस. नाही झालं. तिकडचं घर उरलंय का, ते तू दार उघडलंस तर कळेल.