पूजेची पाळी

आम्ही भाजे लेण्यांजवळच्या एका गावातले, भैरवनाथाचे गुरव. पूजेची पाळी एक वर्ष वडिलांकडं, तर एक वर्ष तात्यांकडं, म्हणजे माझ्या चुलत्यांकडं. ज्याची पाळी, त्याची चूल पेटते. गुरवाला ना पेन्शन, ना फंड. म्हणून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तरी तात्या पाळी सोडत नव्हते. मी तळेगावच्या कारखान्यात कामाला. माझा पीएफ कापला जातो, विम्याचं कार्ड खिशात असतं.

त्या रविवारी आरती ओवाळताना तात्यांनी देवाचा फेटा पेटवला. मी नुसत्या हातांनी तो विझवला, तळवे भाजले आणि डोकं फिरलं.

"बास झालं, तात्या. ताट हितं द्या."

"न्हाई देत. पाळी सोडली तर खाऊ काय?"

मी ताट ओढलं. ते सोडेनात, म्हणून मनगट पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, तरी मी धक्का दिला. ते गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर आपटले. कपाळ फुटलं, रक्त तिथल्या गुलालात पसरलं. त्याला मी आजही अपघात म्हणत नाही.

लोणावळ्याच्या दवाखान्यात सरकारी विमा योजनेच्या खिडकीत एक बाई फॉर्म भरत होती.

"बाबा, काम करता की रिटायर झालात?"

"आजच झालो," तात्या म्हणाले आणि धड राहिलेल्या हातानं माझ्याकडं बोट केलं. "ह्यानं केलं."