देवधरांची डायरी

बैठक चालू असतानाच आमच्या प्रमुखांनी, देवधरांनी, फोनवर आलेला एक नवा नंबर खिशातल्या डायरीत पेनाने उतरवून घेतला. मला शिसारी आली. फोनमधले नंबर आपोआप कॉम्प्युटरवर जपून ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही पाच-सहा हौशी लोक लिहितो आणि जगाला फुकट वाटतो. बैठक त्याच्याच पुढच्या आवृत्तीची होती. त्याचं पडद्यावरचं चिन्ह निळं की हिरवं, यावर दीड तास गेला. नंबर मधूनच गायब होतात, ही ते वापरणाऱ्या एका बाईंची जुनी तक्रार निघाली, तेव्हा देवधर म्हणाले, "ते पुढच्या खेपेला बघू." स्वतः रांधलेलं तोंडात न घालता पंगतीला वाढणारे आचारी असेच निवांत असतात. देवधरांना सुनवायचे मुद्दे लिहायला मी वही उघडली. पहिल्याच पानावर आईचा, बहिणीचा, डॉक्टरांचा नंबर होता, माझ्याच अक्षरात.